हवामान अंदाजाच्या फाइलीत कालावधीची नोंद कशी करावी

दर्यापूर किंवा दारव्हा तालुक्यातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संगणकावर अंदाजाची फाइल उघडली आणि तिच्यात 10 जुलै या तारखेसमोर ‘पाऊस 67.2’ एवढेच दिसले, तर त्या आकड्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही. हा पाऊस एका तासाचा आहे, चोवीस तासांचा आहे, की अंदाज सुरू झाल्यापासून साचत आलेला आहे, हे त्यावरून कळत नाही. तो चोवीस तासांचा असेल, तर ते तास मध्यरात्रीपासून मोजले की सकाळी साडेआठपासून, आणि समोरची तारीख त्या तासांच्या आरंभाची की अखेरीची, हेही कळत नाही. आकडा अचूक असूनही तो निरुपयोगी ठरतो, कारण त्याचा कालावधी त्याच्यासोबत आलेला नाही.

हा लेख कृषी विज्ञान केंद्रात, कृषी महाविद्यालयात किंवा उत्पादक कंपनीत हवामानाच्या फाइली हाताळण्याचे काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे. एकूण पाऊस, दिवसाचे कमाल तापमान, आठवड्याची सरासरी यांसारखे कालावधीचे आकडे नेटसीडीएफ या शास्त्रीय आकडे साठवण्याच्या स्वरूपातील फाइलीत साठवताना त्यांचा मेटाडेटा, म्हणजे आकड्यांबद्दलची माहिती, कसा लिहावा, याची पद्धत येथे क्रमाने दिली आहे. ही पद्धत क्लायमेट अँड फोरकास्ट, म्हणजे सीएफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतांनुसार आहे. या संकेतांची पहिली आवृत्ती 2003 मध्ये आली आणि आज जगभरातील हवामान संस्था त्यांचा आधार घेतात. व्हेरिएबल (आकड्यांची यादी) व ॲट्रिब्यूट (तिला जोडलेली वर्णनाची नोंद) यांची नावे फाइलीत रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची असतात. लेखात ती वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत.

पहिली पायरी : हाती आलेला आकडा कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे

अंदाजाच्या फाइलीत येणारे आकडे ढोबळमानाने चार जातींचे असतात. काही एका क्षणाचे असतात, उदाहरणार्थ दुपारी अडीच वाजताचे तापमान. काही साचलेले असतात, उदाहरणार्थ पाऊस. काही ठरावीक काळाची सरासरी असतात, उदाहरणार्थ सूर्यप्रकाशाची ऊर्जा. काही त्या काळातले टोकाचे मूल्य असतात, उदाहरणार्थ कमाल तापमान. नावावरून जात ओळखण्याचा प्रयत्न करू नये. ती फाइलीतच शोधावी.

अंदाज बहुधा ग्रिब या हवामानाच्या फाइलींसाठीच्या स्वरूपात मिळतो आणि ग्रिबच्या दुसऱ्या आवृत्तीत ही माहिती सांकेतिक आकड्यांत असते. क्षणाच्या मूल्यासाठी 4.0 हा साचा वापरतात आणि कालावधीच्या मूल्यासाठी 4.8. दुसऱ्या साच्यात सांख्यिकी प्रक्रियेचा क्रमांक दिलेला असतो: 0 म्हणजे सरासरी, 1 म्हणजे बेरीज, 2 म्हणजे कमाल, 3 म्हणजे किमान. हे क्रमांक पाठ करण्याची गरज नाही. ग्रिब फाइली वाचणाऱ्या एककोड्स या साधनाच्या ‘ग्रिब एलएस’ या आज्ञेने ‘स्टेप टाइप’ आणि ‘स्टेप रेंज’ हे दोन रकाने मागवले की प्रत्येक नोंदीसमोर तिची जात आणि तिचे तास दिसतात. ‘स्टेप रेंज’मध्ये 0-27 असे आले तर तो अंदाजाच्या आरंभापासून सत्तावीस तासांचा आकडा असतो, नुसते 27 आले तर बहुधा तो त्या क्षणाचा असतो.

येथे एक बाब आधीच लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे प्रत्येक केंद्राची साचवण्याची रीत वेगळी असते. युरोपीय हवामान केंद्राच्या प्रारूपात, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकीय गणितात, एकूण पाऊस अंदाजाच्या आरंभापासून अखंड साचत जातो आणि तो मीटरमध्ये असतो, त्यामुळे मिलिमीटर काढण्यासाठी त्याला 1000 ने गुणावे लागते. अमेरिकेच्या जीएफएस प्रारूपात पावसाची एक नोंद दर सहा तासांनी पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणजे नवव्या तासाच्या त्या नोंदीत केवळ सहाव्या ते नवव्या तासाचा पाऊस असतो. तिच्याच शेजारी आरंभापासून साचलेल्या पावसाची दुसरी नोंदही असू शकते. दोन्हींचे नाव आणि एकक एकच असते. ‘स्टेप रेंज’ न पाहता त्यांतली एक उचलली, तर पुढची सारी आकडेमोड चुकीच्या पायावर उभी राहते.

दुसरी पायरी : दिवस कोठे सुरू होतो ते ठरवणे

भारतीय हवामान विभागाचा पर्जन्यदिन सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळी साडेआठपर्यंत असतो आणि पावसाची नोंद ज्या सकाळी पर्जन्यमापक वाचला त्या तारखेवर होते. म्हणजे 11 जुलैच्या नोंदीतला बहुतेक पाऊस 10 जुलैचा दिवस आणि त्या दिवसाची रात्र यांत पडलेला असतो. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे सकाळचे साडेआठ म्हणजे 03 यूटीसी. प्रारूपे मात्र यूटीसीवर चालतात, आणि 00 यूटीसीचा अंदाज आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो.

समजा, 10 जुलै 2024 चा 00 यूटीसीचा अंदाज हाती आहे आणि त्यात पाऊस आरंभापासून साचलेला आहे. तिसऱ्या तासाला 1.2 मिलिमीटर, चोविसाव्या तासाला 61.0 आणि सत्ताविसाव्या तासाला 68.4 मिलिमीटर असे आकडे आहेत असे उदाहरणादाखल धरू. घाईत असलेला माणूस चोविसाव्या तासाचा 61.0 हा आकडा उचलतो, कारण चोवीस तास म्हणजे एक दिवस असे त्याला वाटते. परंतु ते तास पहाटे साडेपाच ते पहाटे साडेपाच असे आहेत आणि गावातला पर्जन्यमापक त्या वेळी कोणी वाचत नाही. हवामान विभागाच्या पर्जन्यदिनाचा पाऊस म्हणजे सत्ताविसाव्या तासाच्या आकड्यातून तिसऱ्या तासाचा आकडा वजा करून येणारे 67.2 मिलिमीटर. हवामान विभागाच्या वर्गवारीत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस. महसूल मंडळातील अतिवृष्टीसाठीही 65 मिलिमीटरचा निकष लावला जातो. 61.0 हा आकडा या दोन्ही रेषांच्या खाली राहतो आणि 67.2 त्यांच्या वर जातो. अंदाज तोच, आकाश तेच, केवळ तीन तासांच्या सरकण्याने मंडळाला द्यायचा इशारा बदलतो.

यातून फाइल मागवतानाच पाळायचा एक नियम निघतो. अंदाजाची पायरी तीन तासांची किंवा एका तासाची असेल तरच 03 यूटीसीची सीमा सापडते. 0, 6, 12, 18 अशा सहा तासांच्या पायऱ्या असतील, तर सकाळचे साडेआठ दोन पायऱ्यांच्या मध्ये पडतात आणि पर्जन्यदिनाचा पाऊस त्या फाइलीतून काढता येत नाही. अशा वेळी अर्धा पाऊस इकडे आणि अर्धा तिकडे वाटून आकडा तयार करण्यापेक्षा 00 ते 00 यूटीसीचा पाऊस आहे तसा द्यावा आणि तो तसा आहे हे फाइलीत लिहावे, असे माझे ठाम मत आहे. वाटून काढलेला आकडा पुढे मोजलेल्या पावसाशी ताडला जातो, आणि त्यातला फरक प्रारूपाच्या माथी बसतो.

वजाबाकी करताना कोरड्या ठिकाणी कधी कधी शून्याहून किंचित कमी असे आकडे येतात. ग्रिबमध्ये आकडे दाबून साठवताना होणाऱ्या किरकोळ फरकाचा तो परिणाम असतो. असे आकडे शून्य करावेत आणि तसे केल्याचे फाइलीच्या ‘हिस्टरी’ या ॲट्रिब्यूटमध्ये नमूद करावे. पाऊस तीन-तीन तासांच्या तुकड्यांत येत असेल आणि मधली एखादी पायरी डाउनलोड होताना राहून गेली असेल, तर मात्र उरलेल्या एकवीस तासांची बेरीज चोवीस तासांच्या नावाने लिहू नये. तेथे ‘मिसिंग’ हेच मूल्य योग्य.

तिसरी पायरी : वेळेच्या दोन्ही सीमा लिहिणे

नेटसीडीएफ फाइलीत ‘टाइम’ हे वेळेचे व्हेरिएबल असते आणि त्यात प्रत्येक आकड्यासाठी एकच वेळ मावते. कालावधीला दोन टोके असतात, म्हणून सीएफ संकेतांनी सीमांचे वेगळे व्हेरिएबल ठेवण्याची सोय केली आहे. ‘टाइम’ला ‘बाउंड्स’ नावाचे ॲट्रिब्यूट द्यायचे आणि त्यात ‘टाइम बीएनडीएस’ असे दुसऱ्या व्हेरिएबलचे नाव लिहायचे. या दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये प्रत्येक वेळेसाठी दोन आकडे असतात, आधी आरंभ आणि नंतर अखेर. त्याला एकक वेगळे द्यावे लागत नाही. ‘टाइम’चे एकक त्याला लागू होते.

वरच्या उदाहरणात ‘टाइम’चे एकक ‘अवर्स सिन्स 2024-07-10 00:00:00’ असे ठेवले, तर सीमा 3 आणि 27 येतात. ‘टाइम’चे स्वतःचे मूल्य या दोन सीमांच्या आत किंवा सीमेवर कोठेही ठेवता येते आणि संकेतांत त्याची सक्ती नाही. पावसासाठी मी अखेरीची वेळ, म्हणजे 27, ठेवण्याचा आग्रह धरतो. 27 तास म्हणजे 11 जुलैचे 03 यूटीसी, आणि हवामान विभागाच्या नोंदवहीतही हा पाऊस 11 जुलैलाच लिहिला जातो. त्यामुळे तारखेनुसार दोन्ही आकडे आपोआप समोरासमोर येतात. मधली वेळ ठेवली तर ती 10 जुलैच्या रात्री साडेआठची येते आणि तारीख एका दिवसाने मागे जाते. सीमा लिहिलेल्या असतील तर तेही चुकीचे नाही, परंतु सीमा न वाचता केवळ तारीख वाचणारे पुष्कळ असतात आणि त्यांचाही विचार करावा लागतो.

एककात स्थानिक वेळ लिहिण्याचा मोह टाळावा. संकेतांत वेळेपुढे साडेपाच तासांचा फरक लिहिण्याची मुभा आहे, पण काही साधने तो फरक वाचत नाहीत आणि तसे झाले तर सारी फाइल साडेपाच तासांनी सरकते. फाइल यूटीसीत ठेवावी आणि प्रमाणवेळ वाचकाला दाखवतानाच लावावी. त्याचप्रमाणे ‘मंथ्स सिन्स’ असे एकक वापरू नये, कारण एककांच्या प्रचलित संगणकीय कोशात महिना म्हणजे वर्षाचा बारावा भाग धरला जातो आणि जूनची किंवा जुलैची 1 तारीख त्यात नेमकी बसत नाही.

अंदाजाच्या फाइलीत आणखी दोन वेळा लागतात. अंदाज कोणत्या वेळेच्या निरीक्षणांवरून सुरू झाला ती वेळ ‘फोरकास्ट रेफरन्स टाइम’ या प्रमाण नावाने लिहावी आणि त्यानंतर किती तास पुढचा हा आकडा आहे ते ‘फोरकास्ट पिरियड’ या नावाने लिहावे. ‘टाइम’ला सीमा दिल्या असतील तर ‘फोरकास्ट पिरियड’लाही द्याव्यात. 11 जुलैच्या पावसाचा अंदाज 10 तारखेच्या फाइलीत असतो तसा 7 तारखेच्या फाइलीतही असतो. यांतला कोणता कोणत्या दिवशी दिला गेला हे फाइलीत नसेल, तर कालांतराने अंदाजाची तपासणी करणेच अशक्य होते.

चौथी पायरी : प्रक्रियेचे नाव लिहिणे

कालावधी लिहून झाला की त्या कालावधीत काय केले ते ‘सेल मेथड्स’ या ॲट्रिब्यूटमध्ये लिहावे. ते पावसाच्या किंवा तापमानाच्या व्हेरिएबलला जोडायचे असते, ‘टाइम’ला नव्हे. पावसासाठी ‘टाइम: सम’, कमाल तापमानासाठी ‘टाइम: मॅक्सिमम’, सरासरीसाठी ‘टाइम: मीन’ आणि एका क्षणाच्या मूल्यासाठी ‘टाइम: पॉइंट’. हे ॲट्रिब्यूट लिहिलेच नाही, तर संकेतांप्रमाणे साचणाऱ्या राशीला बेरीज आणि इतर राशींना क्षणाचे मूल्य धरले जाते. म्हणजे लिहायचे राहिलेले कमाल तापमान वाचणाऱ्याला एका क्षणाचे तापमान म्हणून दिसते. त्यामुळे उघड वाटणारी प्रक्रियाही लिहावी.

पावसाचे प्रमाण नाव आणि एकक एकमेकांशी जुळले पाहिजेत. ‘प्रेसिपिटेशन अमाउंट’ हे नाव घेतले तर एकक किलोग्रॅम प्रति चौरस मीटर; एका चौरस मीटरवरचे एक किलोग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिमीटर थर, म्हणून आकडा तोच राहतो. मिलिमीटर किंवा मीटर हेच एकक ठेवायचे असेल तर ‘एलडब्ल्यूई थिकनेस ऑफ प्रेसिपिटेशन अमाउंट’ हे नाव घ्यावे. प्रति सेकंदाचा दर असेल तर ‘प्रेसिपिटेशन फ्लक्स’ हे नाव लागते, आणि त्याची प्रक्रिया ‘सम’ नसून ‘मीन’ असते.

वरच्या उदाहरणाची नोंद पूर्ण झाल्यावर तिचा मथळा साधारण असा दिसतो:

पाऊस, स्टँडर्ड नेम : प्रेसिपिटेशन अमाउंट
पाऊस, युनिट्स : किलोग्रॅम प्रति चौरस मीटर
पाऊस, सेल मेथड्स : टाइम: सम
टाइम, युनिट्स : अवर्स सिन्स 2024-07-10 00:00:00
टाइम, बाउंड्स : टाइम बीएनडीएस
टाइम : 27
टाइम बीएनडीएस : 3, 27

तापमानाच्या बाबतीत थोडे अधिक थांबावे लागते. प्रारूप स्वतः आपल्या प्रत्येक लहान पायरीवर तापमान पाहून कमाल ठरवते, तेव्हा ‘टाइम: मॅक्सिमम’ पुरेसे असते. परंतु ताशी तापमानांची यादी घेऊन त्यांतले सर्वांत मोठे आपण निवडले असेल, तर खरे कमाल दोन तासांच्या मध्ये निसटलेले असू शकते. अशा वेळी ‘मॅक्सिमम’च्या पुढे कंसात ‘इंटरव्हल: 1 अवर’ असे जोडावे. चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीच्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेत अर्ध्या अंशाचाही उल्लेख होतो, म्हणून ही जोड निरर्थक नाही.

कमाल तापमानाचा कालावधी विदर्भात तुलनेने सोपा आहे, कारण दिवसाचा उच्चांक दुपारी अडीच ते चारच्या आसपास येतो आणि 06 ते 12 यूटीसी, म्हणजे साडेअकरा ते साडेपाच, या सहा तासांत तो बहुधा सापडतोच. किमान तापमानाचे तसे नाही. रात्रीचा नीचांक सूर्योदयाच्या थोडा आधी येतो आणि 00 यूटीसी म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. यूटीसीचा दिवस नेमका थंडीच्या ऐन वेळी तुटतो. 20 डिसेंबरची पहाट मध्यम थंड आणि 21 ची पहाट फार थंड असेल, तर 21 तारखेच्या पहाटे साडेपाचचे तापमान 20 तारखेच्या यूटीसी दिवसाचे किमान म्हणून नोंदले जाते, आणि साडेपाचनंतरचा नीचांक 21 तारखेलाही लागतो. एकच थंड पहाट दोन तारखांवर दिसते आणि थंडीची लाट एक दिवस लांबल्यासारखी वाटते. हरभऱ्यावर किंवा संत्र्याच्या आंबिया बहरावर थंडीचा परिणाम मोजणाऱ्याची अशा फाइलीने दिशाभूल होते. वेधशाळेत किमान तापमान सकाळी साडेआठच्या निरीक्षणात वाचले जाते. आपणही आदल्या दिवशीच्या 03 यूटीसीपासून त्या दिवसाच्या 03 यूटीसीपर्यंतचा काळ घ्यावा, सीमा तशाच लिहाव्यात आणि तारीख अखेरीची द्यावी. मग पहाट दोन भागांत तुटत नाही.

दिवसाचे सरासरी तापमान देतानाही प्रक्रिया नेमकी लिहावी. चोवीस तासांच्या मूल्यांची सरासरी असेल तर ‘मीन’. कमाल आणि किमान यांची बेरीज करून दोनाने भागले असेल तर त्यासाठी ‘मिड रेंज’ हे स्वतंत्र नाव संकेतांत आहे. उष्णता-दिवसांवरून, म्हणजे रोजच्या उबेच्या बेरजेवरून, कपाशीच्या वाढीचा किंवा किडीच्या पिढीचा हिशेब करणारे अभ्यासक यांपैकी कोणतीही रीत वापरतात, आणि दोन्हींत फरक येतो.

एकाहून अधिक प्रक्रिया झाल्या असतील तर त्या ज्या क्रमाने केल्या त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे लिहाव्यात. समुच्चय अंदाजातील, म्हणजे किंचित वेगळ्या आरंभावरून अनेकदा काढलेल्या अंदाजांतील, प्रत्येक सदस्याचे कमाल तापमान आधी काढून मग त्यांची सरासरी घेतली, तर ‘टाइम: मॅक्सिमम रिअलायझेशन: मीन’ असे लिहायचे. आधी सदस्यांची सरासरी काढून तिचे कमाल घेतले तर क्रम उलट होतो आणि आकडा पहिल्याहून मोठा कधीच येत नाही. मंडळाच्या क्षेत्रावर पावसाची सरासरी काढली असेल तर ‘टाइम: सम एरिया: मीन’. शेवटचा भाग लिहिणे आवश्यक आहे, कारण मंडळाची सरासरी आणि एका शिवारातल्या पर्जन्यमापकाचा आकडा यांची थेट तुलना करू नये हे वाचणाऱ्याला त्यावरूनच कळते.

पाचवी पायरी : साधनांच्या सवयी ओळखणे

सीमा आणि प्रक्रिया हाताने नीट लिहिल्या तरी पुढे वापरलेल्या साधनाने त्या गाळल्या किंवा बदलल्या असे वारंवार घडते. ग्रिबमधून नेटसीडीएफमध्ये रूपांतर करताना ‘स्टेप रेंज’ पुष्कळदा मागेच राहते आणि एकच वेळ पुढे येते. पायथन या संगणकीय भाषेतील एक्सॲरे हे साधन बेरीज करून देते, पण ‘सेल मेथड्स’ स्वतःहून बदलत नाही. ताशी पावसाचे दिवसाचे आकडे झाले तरी फाइलीतले वर्णन जुनेच राहते किंवा नाहीसे होते. म्हणून प्रत्येक आकडेमोडीनंतर ही दोन्ही ॲट्रिब्यूट पुन्हा लिहिणारी ओळ संगणकीय कार्यक्रमात ठेवावी.

हवामानाच्या फाइलींवर आकडेमोड करणाऱ्या सीडीओ या साधनाच्या ‘डेसम’ या आज्ञेबाबत विशेष सावध राहावे. ती फाइलीतली तारीख पाहून बेरीज करते. ताशी पावसावर अखेरीची वेळ लिहिलेली असते, म्हणजे 03:00 या वेळेसमोरचा आकडा 02 ते 03 यूटीसीचा असतो आणि तो संपत आलेल्या पर्जन्यदिनाचा भाग असतो. पर्जन्यदिन 03 ला सुरू होतो म्हणून अनेक जण ‘शिफ्टटाइम’ने वेळ तीन तास मागे घेतात. त्याने 03:00 चा आकडा 00:00 वर येतो आणि नव्या दिवसात मोजला जातो, म्हणजे प्रत्येक दिवशी एक तास चुकीच्या दिवसात पडतो. ताशी फाइलीसाठी वेळ चार तास मागे घ्यावी लागते. तेव्हा 04:00 ते दुसऱ्या दिवशीचे 03:00 हे चोवीस आकडे 00:00 ते 23:00 या जागी बसतात. तीन-तीन तासांच्या पावसासाठी हीच सरक सहा तासांची होते. बेरजेनंतर मिळणारी तारीख पर्जन्यदिनाच्या आरंभाची असते, ती अखेरीवर आणून ठेवण्याचे काम उरतेच. एक्सॲरेच्या ‘रिसॅम्पल’मध्ये ‘ऑफसेट’ तीन तास आणि ‘क्लोज्ड’ व ‘लेबल’ दोन्ही ‘राइट’ असे दिले की हे सारे एका ओळीत होते. काही न सांगता चालवले तर ते आरंभीची बाजू धरते. सीमा मात्र तेथेही स्वतःच लिहाव्या लागतात.

सहावी पायरी : आठवडा, हंगाम आणि सरासरी वर्षे

कृषी हवामानाचे बरेच काम प्रमाण आठवड्यांवर चालते. पहिला आठवडा 1 ते 7 जानेवारी, तेविसावा 4 ते 10 जून, याप्रमाणे वर्षाचे बावन्न आठवडे असतात. मात्र शेवटचा आठवडा 24 ते 31 डिसेंबर असा आठ दिवसांचा असतो, आणि लीप वर्षात 26 फेब्रुवारीला सुरू होणारा नववा आठवडाही आठ दिवसांचा होतो. केवळ आठवड्याचा क्रमांक लिहिला तर हा फरक दिसत नाही. सीमा लिहिल्या तर दिसतो.

अनेक वर्षांची सरासरी लिहिताना ‘बाउंड्स’ऐवजी ‘क्लायमॅटॉलॉजी’ हे ॲट्रिब्यूट वापरावे; एकाच वेळेच्या व्हेरिएबलला दोन्ही देता येत नाहीत. 1991 ते 2020 या वर्षांतील जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी असेल तर आरंभ 1 जून 1991, अखेर 1 ऑक्टोबर 2020 आणि प्रक्रिया ‘टाइम: सम विदिन इयर्स टाइम: मीन ओव्हर इयर्स’. पावसाळी दिवसांची संख्या साठवताना दिवस कोणत्या आकड्यावरून पावसाळी ठरवला तो उंबरठाही स्वतंत्र व्हेरिएबल म्हणून ठेवावा. हवामान विभागाच्या व्याख्येत तो 2.5 मिलिमीटर आहे.

सातवी पायरी : तपासणी

फाइल तयार झाल्यावर ‘एनसीडंप’ ही आज्ञा ‘एच’ या पर्यायासह चालवून केवळ मथळा वाचावा. त्यानंतर सीमा छापून पाहाव्यात आणि प्रत्येक कालावधीची अखेर पुढच्या कालावधीच्या आरंभाशी जुळते का ते तपासावे. पाच दिवसांच्या फाइलीत 3-27, 27-51, 51-75, 75-99, 99-123 असा क्रम यायला हवा. सर्व दिवसांच्या पावसाची बेरीज करावी आणि ती मूळ फाइलीतील 123 व्या आणि तिसऱ्या तासाच्या फरकाएवढी येते का ते पाहावे. सीएफ तपासनीस नावाची साधने मोफत मिळतात आणि ती वापरावीत. मात्र ती केवळ लेखनाची रीत तपासतात. सीमा 0-24 लिहिल्या आणि आकडे 3-27 चे असले, तरी त्यांना त्यात काही वावगे दिसणार नाही.

ती चूक पकडण्यासाठी आकडे प्रत्यक्ष पावसाशी ताडावे लागतात. पावसाळ्यातील काही आठवड्यांचे, पहिल्या दिवसाच्या अंदाजाचे आकडे घ्यावेत आणि जवळच्या वेधशाळेच्या किंवा राज्यातील महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यातील मंडळ केंद्राच्या नोंदींशी तीनदा जुळवावेत: एकदा आहेत त्या तारखांनी, एकदा एक दिवस मागे करून आणि एकदा एक दिवस पुढे करून. अंदाज कितीही सामान्य असला तरी योग्य तारखांवर मेळ सर्वांत चांगला बसायला हवा. एक दिवस सरकवल्यावर मेळ सुधारत असेल, तर तारीख आरंभाची की अखेरीची या प्रश्नात कोठेतरी गफलत झालेली असते आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा पाहावे लागते.

आठवी पायरी : फाइलीबाहेर जाणारा आकडा

नेटसीडीएफ फाइल गावापर्यंत पोहोचत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) एक्सेलचा तक्ता जातो आणि शेतकऱ्यांच्या गटात व्हॉट्सॲपचा संदेश. मेटाडेटा गळण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे, कारण तक्त्यात ॲट्रिब्यूट नसतात. म्हणून तक्त्यात ‘तारीख’ असा एकच रकाना कधीही देऊ नये. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने भारतीय प्रमाणवेळेत द्यावेत, तिसऱ्या रकान्यात एकूण, कमाल, किमान किंवा सरासरी यांपैकी योग्य शब्द लिहावा, चौथ्यात अंदाज कोणत्या दिवशीचा आहे ते लिहावे आणि आकडा त्यानंतर यावा. हे रकाने नेटसीडीएफमधील सीमांवरूनच कार्यक्रमाने भरावेत, हाताने टंकू नयेत.

संदेशातही ‘उद्या 67 मिलिमीटर पाऊस’ असे न लिहिता ‘बुधवार 10 जुलै सकाळी 8.30 ते गुरुवार 11 जुलै सकाळी 8.30 या चोवीस तासांत मंडळात सरासरी 67 मिलिमीटर पावसाचा अंदाज. अंदाज 10 जुलै पहाटेचा’ असे पूर्ण वाक्य लिहावे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी, असा सल्ला कृषी विभाग खरिपाच्या तोंडावर देत असतो. तो पाळण्यासाठी शेतकरी रोजचे आकडे एकमेकांत मिळवत जातो, आणि ही बेरीज खरी ठरायची असेल तर लागोपाठच्या दोन संदेशांतले तास एकमेकांवर चढता कामा नयेत, त्यांच्यात खंडही राहता कामा नये.